उष्णता आणि तापमान : तापमापी, वजनकाटा आणि बर्फ घेऊन घरच्या घरी करावयाचा अभ्यास

उष्णता आणि तापमान या दोन राशींमधील फरक शाळेत सातवी-आठवीच्या सुमारास शिकवला जातो आणि व्याख्या पाठ असूनही बहुतेकांच्या मनात तो पक्का झालेला नसतो. याचे कारण साधे आहे. तापमान तापमापीवर थेट वाचता येते, परंतु उष्णता मोजणारे कोणतेही उपकरण घरात नसते. ती वजन, तापमान आणि वेळ यांच्या नोंदींवरून हिशोबाने काढावी लागते. हा हिशोब स्वतःच्या हाताने चार-पाच वेळा केल्याशिवाय दोन्ही कल्पना वेगळ्या होत नाहीत, असे माझे मत आहे. पुढील पायऱ्या त्याच हेतूने लावलेल्या आहेत. विज्ञान पुन्हा पहिल्यापासून शिकू पाहणाऱ्या प्रौढ वाचकाला किंवा मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना त्या सुट्टीच्या दोन-तीन दिवसांत पूर्ण करता येतील. एकच शिस्त सर्वत्र पाळावी: प्रयोग करण्यापूर्वी अपेक्षित उत्तराचा आकडा वहीत लिहावा आणि मगच तापमापीकडे पाहावे.

साहित्य

शाळेला साहित्य पुरवणाऱ्या दुकानात उणे १० ते ११० अंश सेल्सिअस मर्यादेची प्रयोगशाळेतील तापमापी मिळते. ती लाल रंगाच्या द्रवाची, म्हणजे अल्कोहोलची घ्यावी. पाऱ्याची तापमापी फुटल्यास पारा गोळा करणे कठीण असते आणि त्याची वाफ विषारी असते. ताप मोजण्याची तापमापी येथे उपयोगाची नाही, कारण तिची मर्यादा ३५ ते ४२ अंशांच्या आसपासच असते आणि उकळत्या पाण्यात ती फुटते. स्वयंपाकासाठी मिळणारी, टोकाला सळई असलेली डिजिटल तापमापी चालेल. कपाळाकडे रोखून वाचन घेण्याची अवरक्त तापमापी मात्र टाळावी. तिची मर्यादा अपुरी असतेच, शिवाय चकचकीत स्टीलचे भांडे स्वतः फारच कमी प्रारण, म्हणजे उष्णतेचे किरण, बाहेर टाकते, त्यामुळे गरम भांड्याकडे रोखल्यास तिचे वाचन बरेच कमी येते.

याशिवाय एक ग्रॅमपर्यंत वाचणारा स्वयंपाकघरातील वजनकाटा, सेकंद दाखवणारे घड्याळ, स्टीलचे दोन पेले, बर्फ आणि शक्य असल्यास इंडक्शन शेगडी घ्यावी. गॅसच्या ज्योतीपेक्षा इंडक्शनचा पुरवठा अधिक स्थिर असल्यामुळे हिशोब चांगला जुळतो. एक पेला दुसऱ्या मोठ्या पेल्यात ठेवून मधल्या जागेत कापूस किंवा लोकरीचे जुने कापड भरले की कामचलाऊ कॅलरीमापी, म्हणजे उष्णतेच्या मोजमापाचे भांडे, तयार होतो. पुठ्ठ्याला भोक पाडून त्याचे झाकण करावे.

पहिली पायरी : तापमापीची परीक्षा

बर्फ कुटून पेल्यात भरावा, बर्फाच्या फटी भरतील इतकेच थंड पाणी त्यात ओतावे आणि तापमापीचा फुगा तळाला न टेकवता मध्यभागी दोन-तीन मिनिटे धरावा. वाचन शून्य यायला हवे. ते अर्धा किंवा एक अंश वेगळे आल्यास तेवढी दुरुस्ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. नंतर तापमापी खळखळून उकळणाऱ्या पाण्यात धरावी. येथे पुण्यातील वाचकाला ९८ अंशांच्या आसपास आकडा दिसेल आणि तापमापी बिघडली आहे की काय, अशी शंका येईल. ती बिघडलेली नाही. पाणी शंभर अंशांवर उकळते हे विधान समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबापुरते खरे आहे. साधारण ३०० मीटर उंचीमागे उत्कलनांक एका अंशाने उतरतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे. महाबळेश्वर १,३०० मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे तेथे पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत मात्र शंभरच यावेत. अँडर्स सेल्सिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७४२ साली ही शंभर भागांची मोजपट्टी मांडली, तेव्हा उत्कलनांकाला शून्य आणि गोठणबिंदूला शंभर असे उलटे आकडे दिले होते. आजचा क्रम त्याच्यानंतर रूढ झाला.

तापमापी दोन-तीन मिनिटे धरायला का सांगितले, याचा येथेच विचार करावा. कोणतीही तापमापी खरे तर स्वतःचेच तापमान दाखवते. ती आणि पाणी यांच्यातील उष्णतेची देवाणघेवाण थांबली, म्हणजे दोहोंत औष्णिक समतोल आला, की तिचे वाचन पाण्याचेही तापमान ठरते. उष्णता आपोआप कोणत्या दिशेने वाहील हे तापमान सांगते: जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे. ती किती वाहिली, याविषयी एकटे तापमान काहीच सांगत नाही.

हाताच्या स्पर्शावर या कामी विसंबून राहू नये. रात्रभर एकाच खोलीत असलेला पाट आणि स्टीलचे ताट यांना हात लावला तर ताट गार लागते, पण तापमापी दोन्हींना टेकवून कापडाने झाकल्यास वाचन सारखेच येते. स्टील हातातील उष्णता लाकडापेक्षा कितीतरी वेगाने ओढून नेते. आपल्या त्वचेला जाणवतो तो बराचसा हा वेग.

दुसरी पायरी : कणांचा पुरावा

तापमान म्हणजे नेमके कशाचे माप, या प्रश्नाचे उत्तर द्रव्य कणांचे बनलेले आहे हे मान्य केल्यावरच मिळते. कणादांच्या वैशेषिक परंपरेत आणि ग्रीसमध्ये डेमॉक्रिटसच्या विचारात परमाणूची कल्पना फार पूर्वी आली होती, परंतु तो तर्क होता. प्रयोगाच्या आधारे मिळालेला निर्णायक पुरावा विसाव्या शतकाच्या आरंभाचा आहे. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की, परागकणांतून बाहेर पडलेले अतिसूक्ष्म कण पाण्यात सतत थरथरत राहतात. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये या हालचालीचे गणित मांडले: पाण्याचे अदृश्य रेणू त्या कणांवर चहूबाजूंनी असमान आदळत असतील, तर ठरावीक वेळात कण सरासरी किती अंतर सरकेल हे त्यांनी काढून दाखवले. फ्रान्समध्ये जाँ पेरँ यांनी १९०८पासून केलेल्या काटेकोर मोजमापांत ते गणित उतरले, आणि रेणूंच्या अस्तित्वाविषयीचा वाद जवळजवळ संपला. पेरँ यांना १९२६चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांच्या हाताशी महाविद्यालयातील ४०० पट मोठे करून दाखवणारा सूक्ष्मदर्शक आहे, त्यांनी भरपूर पाणी घालून पातळ केलेल्या दुधाचा थेंब पाहावा. स्निग्धांशाचे बारीक गोल असेच थरथरताना दिसतात.

सूक्ष्मदर्शक नसेल तर विसरणाचा, म्हणजे कण आपोआप पसरत जाण्याचा, प्रयोग करावा. येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. थंड आणि गरम पाण्यात शाईचा थेंब टाकून गरम पाण्यात शाई लवकर पसरते असे दाखवण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु त्या प्रयोगात शाई मुख्यतः पाण्यातील प्रवाहांमुळे पसरते, रेणूंच्या स्वतःच्या हालचालीमुळे नव्हे. प्रवाह थांबवायचे असतील तर चायना ग्रास पाण्यात उकळून, गाळून त्याची पारदर्शक जेली दोन वाट्यांत जमवावी. जेलीतले बहुतांश द्रव्य पाणीच असते, पण ते वाहू शकत नाही. दोन्ही वाट्यांच्या मध्यभागी खाण्याच्या रंगाचा एकेक थेंब ठेवावा, एक वाटी बाहेर आणि एक फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पट्टीने रंग किती अंतर गेला ते मोजावे. बाहेरच्या वाटीत तो दिवसभरात सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि फ्रीजमधील वाटीत त्याहून स्पष्टपणे कमी जातो.

आता एक विसंगती समोर येते. खोलीच्या तापमानाला पाण्याच्या रेणूंचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर असतो. मग दिवसभरात केवळ एक सेंटिमीटर का? संध्याकाळच्या गर्दीत दादरच्या पुलावर कोणी कितीही घाईने पावले टाकली तरी धक्के खात तो जवळपास तिथेच राहतो. रेणूही क्षणोक्षणी शेजारच्या रेणूवर आदळून दिशा बदलत असतो. म्हणूनच दुप्पट अंतर जायला दुप्पट नव्हे, तर चौपट वेळ लागतो. जेलीवरील रंगाच्या कडेची रोज नोंद ठेवली तर हेही पडताळून पाहता येते. कणांची संख्या किती, याचा अंदाज असावा म्हणून एक आकडा देतो: १८ ग्रॅम पाण्यात सुमारे ६.०२२ × १० चा २३वा घात इतके रेणू असतात. म्हणजे विंशांश ग्रॅमच्या एका थेंबात साधारण १७ वर २० शून्ये.

या कणांच्या यादृच्छिक हालचालीतील सरासरी गतिज ऊर्जेचे माप म्हणजे तापमान. सरासरी हा शब्द येथे कळीचा आहे, कारण कोणत्याही तापमानाला काही कण फार मंद आणि काही फार वेगवान असतात. बाष्पीभवनाच्या वेळी हेच कामी येते. सर्व कणांची गतिज ऊर्जा आणि त्यांच्या परस्पर आकर्षणातील स्थितिज ऊर्जा मिळून वस्तूची आंतरिक ऊर्जा होते, आणि तापमानातील फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जी ऊर्जा जाते ती उष्णता.

तिसरी पायरी : मोजण्याचे सूत्र आणि बादलीचा हिशोब

एकाच भांड्यात प्रथम पाव किलो आणि नंतर एक किलो पाणी घेऊन इंडक्शनच्या त्याच आकड्यावर तापवावे आणि तापमान २० अंशांनी वाढायला किती वेळ लागतो ते नोंदवावे. दुसऱ्या वेळी जवळपास चौपट वेळ लागेल. अगदी चौपट लागणार नाही, कारण भांडेही काही उष्णता घेते आणि ती दोन्ही वेळा तेवढीच असते. म्हणजे तापमानातील वाढ समान असूनही दिलेली उष्णता वेगळी आहे. यावरून सूत्र मिळते: उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातील फरक. विशिष्ट उष्मा म्हणजे एक ग्रॅम पदार्थाचे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी, आणि एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८६ ज्यूल. घरच्या हिशोबाला कॅलरी सोयीची, कारण पाण्याचा विशिष्ट उष्मा तीत सरळ १ येतो; विजेच्या हिशोबाला ज्यूल सोयीचे.

खोलीचे तापमान २५ अंश धरून एक उदाहरण सोडवावे. दीडशे ग्रॅम उकळते पाणी १०० अंशांवरून खोलीच्या तापमानाला येताना सुमारे ४७ किलोज्यूल उष्णता सोडते. आंघोळीचे १५ लिटर पाणी केवळ ४५ अंशांवर असले तरी निवताना सुमारे १,२५६ किलोज्यूल सोडते. कपातले पाणी चटका देते आणि बादलीतले देत नाही, तरीही बादलीतून बाहेर पडणारी उष्णता सव्वीस पटींहून अधिक आहे. विजेचे एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, त्यामुळे ही बादली तापवायला गिझरला एक तृतीयांशाहून थोडे अधिक युनिट लागते. ज्यांना उष्णतेचा आकडा अमूर्त वाटतो, त्यांनी तो विजेच्या बिलावर असा शोधावा.

चौथी पायरी : मिश्रणाचे प्रयोग

या पायरीवर जास्तीत जास्त वेळ द्यावा. कॅलरीमापीत ३० अंशांचे २०० ग्रॅम पाणी घ्यावे आणि त्यात ६० अंशांचे २०० ग्रॅम पाणी ओतून, हलवून, झाकून सर्वांत जास्त वाचन टिपावे. नवशिक्या वहीत ४५ लिहितो. पण आतला स्टीलचा पेलाही ३० अंशांवर असतो. स्टीलचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या सुमारे बारा शतांश असल्याने ८० ग्रॅमचा पेला साधारण १० ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेतो. म्हणजे थंड बाजूला २०० नव्हे, २१० ग्रॅम धरायचे, आणि उत्तर ४४.६ येते. प्रत्यक्षात त्याहूनही काही दशांश कमी मिळेल, कारण ओतताना थोडी उष्णता हवेत जाते. हा प्रयोग सलग तीनदा करून उत्तरे अर्ध्या अंशाच्या आत जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. हात बसणे गरजेचे आहे.

हात बसल्यावर धातू घ्यावा. किराणा दुकानात मिळणारे २०० ग्रॅमचे लोखंडी वजन दोरीने बांधून उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावे. या वजनाच्या खाचेत तपासणीच्या शिक्क्यासाठी शिसे भरलेले असते, म्हणून स्वयंपाकाचे भांडे वापरू नये आणि ते पाणी फेकून द्यावे. वजन बाहेर काढताच झटकून २८ अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात सोडावे. दोघांचे वस्तुमान सारखे असल्यामुळे तापमान मधोमध, म्हणजे ६०च्या वर जाईल अशी अपेक्षा वाटते. प्रत्यक्ष वाचन ३४-३५ अंशांच्या घरात थांबते. लोखंडाचा विशिष्ट उष्मा केवळ ०.११ आहे; ९८ अंशांवरचे २०० ग्रॅम लोखंड २२ ग्रॅम पाण्याइतकीच उष्णता देऊ शकते, आणि पेला धरून हिशोब केला की ३४.६ हे उत्तर मिळते.

इतका फरक का पडतो, याचे निम्मे उत्तर कणांच्या संख्येत आहे. लोखंडाचा अणू पाण्याच्या रेणूच्या तिपटीहून जड असतो, म्हणून तेवढ्याच वजनात कण तिपटीहून कमी भरतात. उरलेले उत्तर असे की, पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी असलेली बंधने सैल करण्यातही ऊर्जा खर्च करावी लागते. पाण्याच्या या गुणधर्माचा परिणाम महाराष्ट्राच्या नकाशावर दिसतो: मे महिन्यात नागपूरचे सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंशांच्या घरात असते, तर मुंबईचे ३३-३४ अंशांच्या; अरबी समुद्र सूर्याची उष्णता घेऊनही फारसा तापत नाही.

मधली नोंद : उष्णता पदार्थ नव्हे

अठराव्या शतकात उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव आहे अशी समजूत होती, आणि वरील सर्व प्रयोग त्या समजुतीशीही जुळतात. ती डळमळली ती घर्षणामुळे. म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना बोथट पात्याने घर्षण करीत राहिल्यास उष्णता निघतच राहते, संपत नाही, हे काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने १७९८ साली मांडले. जो पदार्थ वस्तूत मर्यादित असेल तो असा अखंड कसा निघेल, हा त्याचा प्रश्न होता. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स ज्यूल यांनी १८४०च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवून यांत्रिक कामाचे उष्णतेत होणारे रूपांतर मोजले. त्यांच्या निष्कर्षाचा आजचा आकडा असा की, ४२७ मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याची सारी ऊर्जा त्याच पाण्यात उरली, तर ते एका अंशाने तापेल. घरी मिक्सरच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी घालून ते, मोटार तापू नये म्हणून थांबून थांबून, दोन-तीन मिनिटे फिरवावे. जाळाशिवाय पाणी काही अंशांनी तापलेले आढळेल.

पाचवी पायरी : तापमान न वाढवणारी उष्णता

बर्फाचा चुरा भांड्यात घेऊन मंद आचेवर सतत हलवत दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्यावे आणि आलेख काढावा. शेगडी चालू असूनही बर्फ शिल्लक असेपर्यंत रेषा शून्याजवळ आडवी राहते. आत गेलेली ऊर्जा कणांचा वेग वाढवत नाही. ती बर्फातील बांधीव रचना मोडण्यात, म्हणजे कणांची स्थितिज ऊर्जा वाढवण्यात खर्ची पडते. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास ही अप्रकट उष्मा ओळखली. बर्फासाठी ती ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी आहे.

हा आकडा स्वतः काढता येतो. कॅलरीमापीत ६० अंशांचे २०० ग्रॅम पाणी घ्यावे. फ्रीजरमधला बर्फ उणे १५-१८ अंशांवर असतो, म्हणून तो काही वेळ बाहेर ठेवून, पाझरू लागल्यावर कापडाने कोरडा टिपून ५० ग्रॅम टाकावा. तो नुसते शून्य अंशाचे पाणी असता, तर मिश्रण ४८.५ अंशांवर आले असते. बर्फ असल्यामुळे ते ३३च्या आसपास येते. समजा वाचन ३३.५ आले. तर २१० × २६.५ = ५,५६५ कॅलरी गरम बाजूने दिल्या, त्यांतील ५० × ३३.५ = १,६७५ कॅलरी वितळलेले पाणी तापवण्यात गेल्या, उरलेल्या ३,८९० कॅलरी ५० ग्रॅम बर्फ वितळवण्यात लागल्या, म्हणजे ग्रॅममागे ७७.८. शेवटच्या वाचनात एका अंशाची चूक झाली तर उत्तर सुमारे पाच कॅलरींनी सरकते, हे लक्षात घेता ७५ ते ८५ मधला कोणताही आकडा समाधानकारक मानावा. बर्फ ओला राहिला तर आकडा नेहमी कमीच येतो, कारण त्यातला काही भाग आधीच वितळलेला असतो.

उकळण्यासाठी हीच उष्मा ग्रॅममागे ५४० कॅलरी इतकी मोठी आहे. एक किलो पाणी २८ अंशांवरून उकळीपर्यंत यायला जितकी मिनिटे लागली, तितकीच मिनिटे ते त्याच आचेवर, झाकण न ठेवता, पुढे उकळत ठेवावे. पुण्याच्या हिशोबाने पहिल्या टप्प्यात ७०,००० कॅलरी लागल्या. दुसऱ्या टप्प्यातही तेवढ्याच मिळाल्या तर १३० ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला हवी. भांडे वजनकाट्यावर ठेवून तपासावे, काट्यावर आधी लाकडी पाट ठेवावा. दोन चुका येथे परस्परविरुद्ध दिशेने काम करतात: उकळी येण्यापूर्वीही थोडी वाफ गेलेली असते, तर उकळताना भांड्यातून हवेत जाणारी उष्णता जास्त असते.

याचा रोजच्या स्वयंपाकाशी थेट संबंध आहे. उकळत्या भाजीखाली गॅस मोठा केल्याने ती लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वातावरणाच्या जवळपास दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. पण पहिल्या शिट्टीनंतर दाब ठरलेला असल्याने मोठ्या आचेचा उपयोग नाही. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मंद आचेवरची मिनिटे मोजणे अधिक शास्त्रीय आहे.

उकळल्याशिवाय होणाऱ्या बाष्पीभवनात पृष्ठभागावरचे वेगवान कण निसटतात आणि मागे राहिलेल्यांची सरासरी खाली येते. माठ याच तत्त्वावर चालतो. दहा लिटरच्या माठातून शंभर ग्रॅम पाणी पाझरून उडाले, तर सुमारे २४३ किलोज्यूल उष्णता जाते, आणि ती सगळी आतल्या पाण्यातूनच गेली तर त्याचे तापमान सुमारे पावणेसहा अंशांनी उतरेल. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ आणि कूलर उत्तम काम करतात, कोकणात करत नाहीत. दमट हवेतून जवळपास तितकेच कण परतही येत असतात.

सहावी पायरी : उष्णतेचे मार्ग

वहन (पदार्थातून), अभिसरण (प्रवाहांबरोबर) आणि प्रारण (किरणांवाटे) यांची माहिती पाठ्यपुस्तकांत पुरेशी चांगली असते, म्हणून येथे एवढेच नोंदवतो की कॅलरीमापीवर तिन्ही पडताळता येतात. त्यात गरम पाणी भरून दर पाच मिनिटांनी वाचन घ्यावे. एकदा झाकण काढून, एकदा कापूस काढून, एकदा बाहेरून चकचकीत फॉइल गुंडाळून. झाकण काढल्याने होणारा तोटा बहुधा सर्वांत मोठा असतो, कारण त्यात अभिसरणाबरोबर बाष्पीभवनही असते.

सातवी पायरी : खरे शून्य

सेल्सिअसचे शून्य पाण्यावर बेतलेले आहे, कणांवर नव्हे. त्यामुळे ६० अंशांचे पाणी ३० अंशांच्या पाण्याच्या दुप्पट गरम आहे, असे म्हणता येत नाही. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष मोजपट्टी सुचवली. तिचे शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसवर येते. या पट्टीवर ३० अंश म्हणजे ३०३ केल्व्हिन आणि ६० अंश म्हणजे ३३३. कणांची सरासरी गतिज ऊर्जा दहा टक्क्यांनीच वाढलेली असते. २० मे २०१९पासून केल्व्हिनची व्याख्याही पाण्यावरून काढून, तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या बोल्ट्झमन स्थिरांकावर नेली गेली. त्याचे मूल्य केल्व्हिनमागे १.३८०६४९ × १० चा उणे २३वा घात ज्यूल असे कायमचे निश्चित करण्यात आले.

घरात याचा अंदाज घेण्यासाठी ६० मिलिलिटरची सुई नसलेली कोरडी सिरिंज घ्यावी, दट्ट्या ४० मिलिलिटरवर ठेवून ती बर्फाच्या पाण्यात गार करावी, दट्ट्या पुन्हा बरोबर ४०वर आणावा आणि तोंड पक्के बंद करावे. मग ती ६० अंशांच्या पाण्यात पूर्ण बुडवून पाच मिनिटे ठेवावी. आतील हवा ४८.८ मिलिलिटरपर्यंत फुगायला हवी, म्हणजे दर अंशाला सुमारे ०.१४७ मिलिलिटर. याच चालीने थंड करत गेल्यास ४० मिलिलिटर किती अंशांत संपतील, असा भागाकार केला की उणे २७३च्या जवळचे उत्तर येते. अडचण दट्ट्याच्या घर्षणाची असते. तो किंचित आत ढकलून सोडावा आणि वाचन घ्यावे, किंचित बाहेर ओढून सोडावा आणि पुन्हा घ्यावे, आणि दोहोंची सरासरी धरावी. शून्य अंशावरही ४० हा आकडा याच पद्धतीने पक्का करावा. एवढी काळजी घेऊनही एका मिलिलिटरची चूक राहिल्यास उत्तर उणे २४५ ते उणे ३०८ यांमध्ये कुठेही पडू शकते, म्हणून ३०, ४० आणि ५० अंशांवरची वाचने घेऊन आलेखावर सर्व बिंदूंच्या मधून जाणारी सरळ रेषा काढावी आणि तीच डावीकडे वाढवावी.